पेंढ्याच्या गाठीवरची वाडी

वसईची वाडी निसर्गानं आयती दिलेली नाही. आगाशी, नाळे, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज या पट्ट्यातली जमीन समुद्रालगतची. पुष्कळ ठिकाणी ती रेताड आहे, पाणी आणि खत दोन्ही भराभर खाली सोडून देणारी. अशा जमिनीत पानवेली, केळी, फुलं आणि भाजी उभी राहिली ती पिढ्यान्‌पिढ्या घातलेल्या शेणामुळे, सुक्या मासळीच्या खतामुळे, जागच्या जागी कुजवलेल्या केळीच्या खुंटांमुळे आणि बावखलातून उपसलेल्या गाळामुळे. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाळ्यात ते भरायचं, आसपासच्या विहिरींना पाझर द्यायचं आणि उन्हाळ्यात शिंपण्याला उपयोगी पडायचं. सामवेदी, वाडवळ, भंडारी, माळी आणि ख्रिस्ती कुटुंबांनी या पट्ट्यात जे केलं त्याला शेती म्हणतात हे खरं, पण त्यातलं निम्मं काम माती बनवण्याचं होतं. पहाटेच्या गाडीनं मुंबईच्या बाजारात उतरणाऱ्या वसईच्या टोपलीत भाजी दिसायची, तिच्यामागची माती दिसत नसे. पेंढ्याच्या गाठीत भाजी पिकवण्याच्या पद्धतीविषयी लिहिताना सुरुवात इथून करावी लागते, कारण ही पद्धत बहुतेक वेळा मातीला पर्याय म्हणून सांगितली जाते आणि तिथेच तिचं मोल चुकतं. माझं म्हणणं असं आहे की, पेंढ्याची गाठ हा माती बनवण्याचाच एक प्रकार आहे. वसई-विरारमध्ये ती वापरायची तर भाताच्या सुगीनंतर लावून पावसाळ्याच्या तोंडाशी मोडायची, आणि तिचा हिशेब फक्त मिळालेल्या भाजीवर न करता जूनमध्ये हातात उरलेल्या काळ्या मातीवरही करायचा.

माती बनवण्याची गरज आज इथे पूर्वीपेक्षा जास्त आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून या तालुक्यात इमारतींची लाट आली. वाड्या विकल्या गेल्या, बावखलं बुजवली गेली, विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं गेलं. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात भरली. एवढी माणसं ज्या जमिनीवर राहतात त्यातली बरीचशी भरावाची आहे. खाजण, मिठागरांच्या कडा, भातखाचरं यांच्यावर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा टाकून ती वर उचललेली आहे. गृहसंकुलाच्या कुंपणालगत दोन फूट खणलं की विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि प्लॅस्टिक लागतं. तिथे वांग्याचं रोप लावलं तर ते जगतं, पण वीतभर वाढून थांबतं. दुसरीकडे जिथे वाडी अजून शिल्लक आहे, तिथे उपसा वाढल्यानं विहिरीत खाऱ्या पाण्याचा शिरकाव झालेला आढळतो. भरावाची जमीन आणि खारं पाणी या दोन अडचणी डोळ्यांसमोर ठेवूनच या पद्धतीकडे पाहायला हवं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले जोएल कार्स्टन यांच्या २०१३ सालच्या पुस्तकानं ही पद्धत जगभर पोचवली, पण ती त्यांच्यापासून सुरू झाली असं समजायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंडमधले काचघरातले शेतकरी काकडी आणि टोमॅटो पेंढ्याच्या गाठींवर घेत होते. वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन त्यांची माती रोगट झाली होती आणि वाफेनं ती निर्जंतुक करणं महाग पडत होतं. गाठ आणली की माती बदलल्यासारखंच व्हायचं. वर कुजणाऱ्या पेंढ्याची ऊब मुळांना मिळायची आणि त्यातून सुटणारा कर्बवायू बंद काचघरात पिकाच्या कामी यायचा. पुढे खनिज लोकर आणि पाण्यावरची शेती आल्यावर तिथल्या व्यावसायिकांनी गाठी सोडल्या. आपल्याकडे गाठ म्हणून नाही, पण या विचाराचं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे अध्यापक. त्यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून पाला, काडीकचरा आणि शेण यांपासून सुपीक माती घडवण्याचं शास्त्र शेतकऱ्यांपर्यंत नेलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं आणि घरचा ओला कचरा यांवर गच्चीत भाजी आणि फळझाडं वाढवून दाखवली. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातून बाग उभी केली. चिपाड काय, पेंढा काय, जात एकच. कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं, आणि आत हवा खेळायला पुरेशी जागा. वसईसारख्या ठिकाणी उसापेक्षा भात जवळचं, म्हणून इथे पेंढा.

आता गाठीच्या आत काय घडतं ते नीट समजून घेऊ, कारण फसलेल्या गाठींपैकी बहुतेक इथेच फसतात. एक मध्यम आकाराची कोरडी गाठ साधारण पंधरा किलोंची धरली, तर तिच्यात कर्ब सुमारे सहा किलो असतो आणि नत्र जेमतेम ९० ग्रॅम. म्हणजे एका भाग नत्राला सदुसष्ट भाग कर्ब. पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशांना हे प्रमाण पंचवीस-तीसच्या आसपास असलं तर सुखानं काम करता येतं. नत्र कमी पडलं की ते मिळेल तिथून ओढून घेतात, आणि अशा गाठीत रोप लावलं तर त्याच्या वाट्याचं नत्र सगळ्यात आधी जातं. आठवड्याभरात पानं पिवळी पडतात आणि मालक पाणी वाढवतो, त्यानं उरलंसुरलंही वाहून जातं. म्हणून लावणीआधी दहा-बारा दिवस गाठ मुरवावी लागते. संपूर्ण गाठीचं प्रमाण तीसवर आणायचं तर आणखी ११० ग्रॅम नत्र हवं. युरियात ते ४६ टक्के असतं, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम युरिया. पण सुरुवातीला फक्त वरचा निम्मा भाग जागा झाला तरी भागतं. त्यामुळे शंभर-सव्वाशे ग्रॅम युरिया तीन-चार हप्त्यांत, एक दिवस आड, पाण्याबरोबर जिरवला तरी पुरतो. युरिया नको असेल तर शेंगदाण्याची पेंड घ्यावी. तिच्यात नत्र सात टक्क्यांच्या आसपास असल्यानं पूर्ण गाठीला दीड किलो लागते, वरच्या निम्म्या भागाला पाऊण किलो. नुसत्या ताज्या शेणावर भिस्त ठेवली तर पंचवीस-तीस किलो शेण एका गाठीत जिरवावं लागेल, जे शक्य नाही. शेणकाला विरजणासारखा वापरावा, खत म्हणून मोजू नये. मासळीचं खत वसईत परिचयाचं आणि नत्राला उत्तम, मात्र ते खारवलेल्या मासळीचं असेल तर आधी गोड्या पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं.

मुरणाऱ्या गाठीची खूण हाताला कळते. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी पेंढा बाजूला सारून मनगटापर्यंत हात आत घातला तर चुलीच्या उबेला बसल्यासारखी धग लागते. मध्यभागी तापमान पन्नास अंशांच्या वर जाऊ शकतं. थंडीच्या सकाळी वरून वाफेची बारीक रेघ निघते. वास आधी ओल्या गोठ्यासारखा, मग हळूहळू पावसाळी जमिनीसारखा. काड्यांवर काळे ठिपके आणि पांढरे धागे दिसू लागतात. मधूनच राखाडी टोपीच्या नाजूक छत्र्या उगवतात आणि दुपारपर्यंत शाईसारख्या विरघळतात. त्या खायच्या नाहीत, पण त्या आल्या म्हणजे बुरशीनं काम हातात घेतलं. धग ओसरून हाताला कोमटपणा उरला की रोपं लावायची. त्याआधी घाई केली तर मुळं अक्षरशः शिजतात.

गाठ ठेवताना काड्यांची कापलेली टोकं वर आणि दोरी किंवा तार बाजूंना यावी, म्हणजे पाणी काडीच्या नळीतून आत उतरतं आणि बांधणीही टिकते. पेंढा आणि गवत यांतला फरक मात्र काटेकोरपणे पाळावा. गवताच्या गाठीत बी असतं, आणि पंधरा दिवसांत बागेऐवजी कुरण तयार होतं. मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत दाबून पाठवण्याचा धंदा ठाणे-पालघरला जुना, त्यामुळे बाजारात गाठ मागितली की पुष्कळदा गवताचीच पुढे येते. पेंढ्याची बांधीव गाठ मिळाली नाही तर अडून बसू नये. बांबूच्या चार खुंट्या, भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, आणि आत पेंढ्याच्या पेंढ्या उभ्या रचून पायानं घट्ट तुडवायच्या. हाताने झोडलेल्या भाताचा लांब पेंढा यासाठी यंत्राने मळलेल्या चुरगळलेल्या पेंढ्यापेक्षा चांगला, कारण तो लवकर खचत नाही. झोडणीत राहिलेल्या लोंब्या मात्र झटकून टाकाव्यात. दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

इथपर्यंतचं सगळं मिनेसोटातही खरं आहे. फरक पडतो तो ऋतूचा. तिथे बर्फ वितळल्यावर गाठ लावतात आणि उन्हाळाभर भाजी खातात. तेच वेळापत्रक उचलून आपल्याकडे जूनमध्ये गाठ लावली तर काय होईल याचा हिशेब सोपा आहे. वसईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाठीचा वरचा पृष्ठभाग ०.४ चौरस मीटर धरला तर एका गाठीतून त्या काळात किमान आठशे लिटर पाणी आरपार जातं. युरियाचं नत्र पहिल्या आठवड्यातच वाहून जातं. पालाशाचं नुकसान तर त्याहून दुःखद. भाताच्या रोपानं जमिनीतून उचललेल्या पालाशापैकी चार-पंचमांश कापणीच्या वेळी पेंढ्यात असतं, आणि ते पेशींच्या रसात मोकळं असल्यानं पाण्यात झटकन उतरतं. वांगी, टोमॅटो, केळी यांना जे सर्वाधिक हवं तेच पहिल्या सरींत गटारात जातं. शिवाय सततच्या ओलीनं हवा खेळायची थांबते, गाठ आंबते, गोगलगाई घर करतात आणि ऑगस्टपर्यंत चिखलाचा ढीग उरतो. पावसाळी वेलांसाठी मांडव घालून जमिनीवर शिराळी, पडवळ, काकडी घेण्याची इथली रीत आहे, ती पावसात गाठीपेक्षा केव्हाही सरस.

याउलट भाताचं वेळापत्रक पाहा. पारोळ, भाताणे, शिरवली या वसईच्या पूर्वेकडच्या गावांत आणि पुढे वाड्यापर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी-झोडणी होते. पेंढा तेव्हा ताजा, कोरडा, भरपूर आणि वर्षातला सर्वांत स्वस्त असतो. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गाठी जागेवर बसवल्या, महिनाअखेर मुरवल्या, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोपं लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री गाठीची उरलेली ऊब मिरची-वांग्याच्या मुळांना कामी येते. पाणी किती द्यायचं ते आपल्या हातात राहतं, म्हणजे खतही गाठीतच राहतं. फेब्रुवारी ते मे ही तोडणीची वेळ, आणि याच काळात बाजारात भाजी महागत जाते. मेअखेर गाठ निम्म्याहून अधिक खचलेली असते, आणि तेव्हाच पावसाळी लावणीला माती हवी असते. परदेशी पद्धत इथल्या ऋतूत बसवण्यासाठी एवढी एकच फिरवाफिरव लागते, आणि ती केली नाही तर बाकी सगळी काळजी वाया जाते. दिवाळी मात्र बरोबर याच सुमारास येते. कोरड्या गाठी उघड्यावर रचून ठेवल्या तर एक फटाका पुरे, म्हणून आणल्या दिवशीच भिजवून टाकाव्यात.

गाठीच्या बाजूनं सर्वांत भक्कम पुरावा रोगांचा आहे. कोकणच्या उष्ण, दमट हवेत वांगी, टोमॅटो आणि मिरची यांना जिवाणूजन्य मर रोग गाठतो. काल टवटवीत असलेलं झाड आज दुपारी मान टाकतं आणि तिसऱ्या दिवशी हिरवंच्या हिरवं सुकतं. ओळखायची खूण घरी करता येते. बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला की काही मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरताना दिसतो. तो जिवाणूंचा लोंढा असतो. या जिवाणूवर फवारणीचा उपयोग होत नाही, तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि एकाच लहान वाफ्यात दरवर्षी वांगी घेणाऱ्याला पिकाची फेरपालट करायला जागाही नसते. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचंही असंच. ताज्या पेंढ्याच्या गाठीत हे दोन्ही नसतात, आणि मुरतानाची धग बाकी पुष्कळ किडी-बुरशी मारते. अट एवढीच की रोगट जमिनीवर गाठ ठेवायची तर खाली जाड प्लॅस्टिक किंवा जुनी ताडपत्री थोडा उतार देऊन अंथरायची. नाहीतर दोन महिन्यांत मुळं गाठ ओलांडून खाली पोचतात आणि रोग वर चढतो. जमीन निरोगी असेल तर मात्र खाली काही घालू नये, मुळांना जाऊ द्यावं.

खाऱ्या पाण्याच्या बाबतीत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. गाठ जमिनीपासून फूटभर उंच असते, त्यामुळे उन्हाळ्यात खालून वर चढणारा खार रोपापर्यंत पोचत नाही हा फायदा खरा. पण विहिरीचंच पाणी खारट असेल तर ते वरून ओतलं जातं आणि पाणी उडून गेल्यावर मीठ पेंढ्यात साठतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा गोडं पाणी भरपूर सोडून गाठ धुवावी लागते, आणि त्याबरोबर थोडं खत जातं ते पुन्हा द्यावं लागतं. पीकही त्याप्रमाणे निवडावं. बीट आणि चवळी खार बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, गाजर आणि कांदा सोसत नाहीत. घरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घालावं असं बरेचजण सांगतात. ते यंत्र बोअरवेलच्या पाण्यावर चालत असेल तर त्या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, आणि गाठीत ते घालणं म्हणजे मिठागर करणं. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी मात्र अवश्य घालावं.

या पद्धतीवरचा सर्वांत मोलाचा आक्षेप शेतकऱ्याकडून येतो. पेंढा हा गुरांचा चारा, तो भाजीखाली कुजवायचा कसा? पंजाब-हरियाणात पेंढा जाळला जातो म्हणून तो टाकाऊ ठरतो, पण पालघर जिल्ह्यात तो गुरांच्या पोटात जातो किंवा विकला जातो. हा आक्षेप मी मान्य करतो. चाऱ्याच्या टंचाईत चांगला पेंढा बागेसाठी घेणं योग्य नाही. पण सगळा पेंढा चाऱ्याच्या लायकीचा राहत नाही. कापलेलं भात शेतात पडलेलं असताना परतीचा किंवा अवकाळी पाऊस येतो, पेंढा भिजतो, काळा पडतो, बुरसतो. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार चक्रीवादळाच्या वेळी कोकणात कापणीला आलेल्या आणि कापून ठेवलेल्या भाताची अशी दैना झाली होती. बुरसलेला पेंढा गुरांना घालू नये, कारण त्यातली विषं दुभत्या जनावरांना बाधतात. गाठीला तोच पेंढा उत्तम, कारण कुजण्याचं काम त्यात आधीच सुरू झालेलं असतं. तो हाताळताना नाकातोंडाला फडकं बांधावं, बुरशीची धूळ फुप्फुसाला वाईट. भिजक्या पेंढ्याला शेतकऱ्याला एरवी भाव मिळत नाही. शहरातल्या गृहसंकुलांनी तो रास्त दरात घेतला तर त्याच्या बुडालेल्या हंगामातले थोडे पैसे परत येतील. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी की पेंढा शेतातून उचलला की शेताचं पालाश जातं, आणि त्यावर उत्तर एकच, ज्या शेतात पेंढा जिरवला जातो तिथला मागू नये.

दुसरा आक्षेप बागकाम जाणणाऱ्यांचा. शेवटी कंपोस्टच करायचं, तर सरळ ढीग लावून का करू नये? जागा, शेण आणि ढीग उलटायला माणूस असेल तर जरूर करावं, ते अधिक चांगलं कंपोस्ट होईल. पण ढीग तीन-चार महिने काही देत नाही, तो खालीवर करावा लागतो, आणि गृहसंकुलात त्याच्याविरुद्ध तक्रार लवकर होते. गाठ बांधलेली असते, वास मारत नाही आणि कुजता कुजता भाजी देते. दुसऱ्या महिन्यापासून टोपलीत काहीतरी पडत असेल तर लोक पाणी घालायला विसरत नाहीत. उत्पन्न मुरलेल्या वाडीपेक्षा कमीच येईल. एका गाठीवर दोन टोमॅटो किंवा दोन वांगी किंवा तीन मिरच्या, कडेला पालक-माठ. त्याहून दाटी केली की सगळीच रोपं उपाशी राहतात. मुळा आणि कोथिंबीर यांच्यासाठी वर तीन-चार बोटं मातीचा थर द्यावा लागतो, नुसत्या पेंढ्यात मुळा वाकडा होतो.

पाण्याचा आक्षेपही खोटा नाही. गाठीला पाची बाजूंनी वारा लागतो, आणि एप्रिल-मेच्या खाऱ्या वाऱ्यात ती वाफ्यापेक्षा लवकर वाळते. रोज एका गाठीमागे एक छोटी बादली पाणी धरावं आणि ते दोन वेळा विभागून द्यावं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या वस्तीत याचा विचार करूनच गाठींची संख्या ठरवली पाहिजे. गाठी एकमेकींना खेटून ठेवल्या, बाहेरच्या बाजूंना गोणपाट गुंडाळला आणि ठिबकची नळी फिरवली तर पाणी बरंच वाचतं. जास्त पाणी देण्यात दुहेरी तोटा आहे. वसईच्या रेताड जमिनीत विहिरींचं पाणी उथळ असतं, आणि गाठीतून झिरपलेला युरिया शेवटी तिथेच नायट्रेट बनून पोचतो. म्हणून युरिया कमी, हप्त्यांत, आणि गाठीखालून पाणी वाहू न देता.

गच्चीविषयी मात्र माझं मत ठाम आहे. गाठी गच्चीवर चढवू नयेत. पंधरा किलोंची गाठ पाणी पिऊन पन्नास-साठ किलोंची होते. म्हणजे तिच्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर सव्वाशे ते दीडशे किलो भार. ये-जा करता येईल अशा गच्चीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भारच मुळी चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोंचा आहे. म्हणजे माणसं, पाण्याची टाकी, पावसाचं साचलेलं पाणी यांना काही उरतच नाही. वसई-विरारमधल्या कित्येक जुन्या आणि घाईनं उभ्या राहिलेल्या इमारतींचा स्लॅब मानकाइतका तरी आहे का, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पद्धतीचा खरा उपयोग जमिनीवर आहे, कुंपणालगत, शाळेच्या आवारात, दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या पट्टीत, जिथे खाली भराव आहे आणि वर ऊन आहे.

एक शेवटची शंका तणनाशकाची. भातातल्या रुंद पानांच्या तणांवर मारलेल्या औषधाचा अंश पेंढ्यात राहिला तर त्याच औषधानं टोमॅटो आणि वाल मरतील. शंका रास्त आहे आणि तपास सोपा. गाठ मुरल्यावर तिच्यातला मूठभर ओला पेंढा आणि थोडी चांगली माती कुंडीत मिसळून चवळीचे चार दाणे टाकावेत, शेजारी नुसत्या मातीत चार. दोन आठवड्यांत दोन्हीकडची पहिली पानं सारखी उघडली तर गाठ निर्धोक. पेंढ्याकडची पानं वाटीसारखी वळली, देठ पिळले गेले, तर ती गाठ भाजीसाठी वापरू नये.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोरी कापली की गाठीचे दोन भाग दिसतात. बाहेरचा चार बोटांचा थर अजून पिवळा, काडी काडी वेगळी. आतला भाग काळपट, ओलसर, चहाच्या चोथ्यासारखा, आणि त्यात टोमॅटोच्या मुळांचं पांढरं जाळं भरलेलं. बोटांत चुरला तर काड्या तुटतात, चिखल होत नाही. भाताच्या पेंढ्यातली वाळूसारखी सिलिका नखांना खरखरीत लागते. पंधरा किलोंमधले बरेच किलो तोवर कर्बवायू होऊन हवेत गेलेले असतात, आणि उरलेला ऐवज दोन-अडीच पाट्या भरतो. तो वाफ्यावर नुसता पसरून ठेवला तर पहिल्याच मोठ्या सरीत त्यातलं पालाश धुपून जाईल. भरावाच्या जमिनीत हात-दीड हात खोल चर खणून, त्यात आधी बाहेरचा पिवळा पेंढा, त्यावर हा काळा भाग आणि वरून निघालेली माती असं भरावं. त्या चरात पहिला पाऊस पडून जमीन निवली की अळूचे कंद लावावेत, किंवा जागा असेल तर राजेळी केळीचा मुनवा, जिच्या फळांची सुकेळी आगाशीला होत आली. अळू ओल मागतो आणि केळ पालाश मागते, आणि पेंढ्यानं भरलेल्या त्या चरात दोन्ही असतं. ऑक्टोबरमध्ये भाताची कापणी सुरू होईल तेव्हा चराशेजारची पुढची पट्टी साफ करून तिथे नव्या गाठी बसवायच्या. मागच्या वर्षीच्या जागी नाही, तिथे आता माती आहे.